बँकेची पायरी आणि घराचा उंबरठा

संसारांतला पैसा कोठें ठेवला जातो, या प्रश्नाचें उत्तर घराघरांतून निराळें मिळतें. कोणाचा पैसा उतरंडीच्या तळच्या मडक्यांत, कोणाचा धान्याच्या कणगींत, कोणाचा पदराच्या गांठींत, तर कोणाचा देव्हाऱ्यामागच्या कोनाड्यांत. ज्यांच्या घरीं थोडें अधिक असेल त्यांचा तो सोन्याच्या रूपानें गृहिणीच्या गळ्यांत आणि मनगटावर. शहरांतील सुशिक्षित कुटुंबाला पासबुक व चेकबुक या वस्तु इतक्या परिचयाच्या झालेल्या असतात कीं, बँकेची पायरी चढणें ही कांहीं अवघड गोष्ट आहे असें त्याच्या ध्यानींमनींहि येत नाहीं. परंतु या देशांतील बहुसंख्य कुटुंबांना ती पायरी चढावयास दीडशें वर्षें लागलीं, आणि अद्यापहि कित्येकांचा एक पाय पायरीवर व दुसरा खालीं आहे. असें कां व्हावें? बँका नव्हत्या म्हणून, हें उत्तर सोपें आहे. पण तें अपुरें आहे. बँका आल्यानंतरहि घर आणि बँक यांमध्यें अंतर राहिलेंच. तें अंतर कशाकशाचें होतें हें समजून घ्यावयाचें, तर एखाद्या राजधानीपेक्षां मध्यम प्रतीचें बाजारगांव पाहणें अधिक उपयोगाचें. बुलढाणा जिल्ह्यांतील देऊळगांव राजा हें तसें एक गांव आहे.

सिंदखेडच्या जाधवांच्या घराण्याशीं या गांवाचें नातें फार जुनें. जिजाबाईंचें माहेर सिंदखेड राजा तेथून जवळच आहे, आणि संत चोखामेळ्याचें जन्मस्थान म्हणून परंपरेनें मानलेलें मेहुणा राजा हें खेडें देऊळगांवच्या तालुक्यांतच येतें. जाधवांनीं उभारलेलें श्रीबालाजीचें मंदिर हें गांवाचें भूषण. आश्विनांतील यात्रेला वऱ्हाड आणि मराठवाडा या दोन्ही भागांतून माणसें लोटतात. शेतांत कापूस फुटूं लागावा आणि गांवांत यात्रा भरावी, असा हा हंगाम असतो. पैसा हातीं येण्याचा आणि तो खर्च होण्याचा काळ येथें जवळजवळ एकच.

गांवाच्या जागेमुळें आणखी एक गुंतागुंत होती. १८५३ च्या तहानें वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आला, आणि देऊळगांव या प्रांताच्या नैर्ऋत्येकडील कडेवर पडलें. थोडें पुढें गेलें कीं निजामाचा औरंगाबाद जिल्हा आणि जालन्याची मोठी पेठ. अलीकडे कलदार रुपया, पलीकडे हाली शिक्का. विसाव्या शतकांत सरकारी हिशेबानें सात हाली रुपयांस सहा कलदार असा भाव धरीत. परंतु बाजारांत प्रत्येक अदलाबदलीला सराफाचा बट्टा द्यावा लागे. जालन्याकडच्या सोयऱ्याला लग्नाचा आहेर पाठवावयाचा, कीं तिकडून बैल विकत आणावयाचा, सराफाच्या गादीवर बसल्यावांचून गत्यंतर नसे. १९४८ मध्यें हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झाल्यानंतर पुढील कांहीं वर्षांत हें दुहेरी चलन संपलें. तोंपर्यंत या सीमेवरील घराला पैसा म्हणजे सराफ हें समीकरण पाठ झालेलें होतें.

या सराफी व्यवहाराचें यंत्र मोठें कुशल होतें, हें मान्य केलें पाहिजे. दर्शनी हुंडी दाखवितांच पैसे मिळत. मुदती हुंडीचे ठरलेल्या दिवसांनंतर मिळत. शहाजोग हुंडी तर केवळ पतवान् गृहस्थालाच वटवितां येई, म्हणजे वाटेंत चोरानें ती पळविली तरी चोराला तिचा उपयोग नसे. रोजमेळ, कीर्द आणि खतावणी यांच्या आधारावर एका पेढीचा शब्द शेंकडों कोस दूरच्या दुसऱ्या पेढीला पटे. परंतु हें सारें व्यापाऱ्यांच्या आपसांतलें झालें. 'शहाजोग' या शब्दांतच त्याची मर्यादा सांगितलेली आहे. ज्याला बाजारांत पत नाहीं, अशा शेतकऱ्याच्या, विणकराच्या किंवा मजुराच्या घराला हुंडी ठाऊक असली तर ती ऐकून.

इंग्रजी पद्धतीच्या बँका आल्या त्याहि प्रथम व्यापाराच्या मागोमागच आल्या. १८०६ मध्यें कलकत्त्यास निघालेली व पुढें बँक ऑफ बेंगॉल या नांवानें प्रसिद्ध झालेली बँक, १८४० मधील मुंबईची बँक ऑफ बाँबे आणि १८४३ मधील मद्रासची बँक, या तिघींचें लक्ष सरकारी भरणा आणि मोठा व्यापार यांवर होतें. १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकीं सोन्याचें मोल आलें. मुंबईंत शेअरांच्या सट्ट्याला ऊत आला. युद्ध संपतांच तो फुगा फुटला आणि त्यांत जुनी बँक ऑफ बाँबे बुडून १८६८ मध्यें त्याच नांवाची नवी बँक उभारावी लागली. तरी वऱ्हाडांतील कापसाचा व्यापार टिकला. बुलढाणा जिल्ह्यांतील खामगांव ही कापसाची मोठी पेठ झाली आणि १८७० मध्यें लॉर्ड मेयो यांच्या हस्तें तेथील रेल्वेफांटा सुरू झाला. जालन्यालाहि १९०० च्या सुमारास निजामाची रेल्वे पोंचली. देऊळगांवला मात्र रेल्वे कधींच आली नाहीं. बँकेचा पैसा कापसाच्या गांठीबरोबर रेल्वेनें जाई. आणि जेथें गाडी थांबत नसे, तेथें तोहि उतरत नसे. तो खामगांवच्या मोठ्या अडत्याला मिळे, अडत्याकडून गांवच्या सावकाराला, आणि सावकाराकडून शेतकऱ्याला. प्रत्येक हातीं व्याजाचा दर एक पायरी वर चढे.

सावकार हा शब्द उच्चारला कीं नाटकांतला खलपुरुष डोळ्यांपुढें उभा राहतो, आणि त्या चित्रांत खोटें फारसें नाहीं. बीं-बियाण्यासाठीं दिलेलें धान्य सुगीनंतर सव्वापट किंवा दीडपट परत घ्यावयाचें, ही सवाई-दिढीची रीत सर्वत्र होती. अवघ्या चार-सहा महिन्यांचें हें व्याज असे. खतावर काय लिहिलें आहे हें अंगठा उठविणाऱ्याला वाचतां येत नसे. मुंबई इलाख्याच्या धर्तीवर वऱ्हाडांत जमिनीची मोजणी व आकारणी झाली, तेव्हां खातेदाराला जमीन विकण्याचा व गहाण टाकण्याचा हक्क मिळाला. या हक्कामुळें त्याला कर्ज सहज मिळूं लागलें, आणि याच हक्कामुळें जमीनहि सहज जाऊं लागली. पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें १८७५ च्या मे महिन्यांत शेतकऱ्यांनीं सावकारांचीं घरें गांठून खतें जाळलीं. तो दंगा पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला आणि त्यांतून १८७९ चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा निघाला. त्या दंग्यांत शेतकऱ्यांचा रोख सावकाराच्या अंगापेक्षां त्याच्या कागदावर अधिक होता. कोणत्या वस्तूनें आपल्याला बांधून टाकलें आहे, हें निरक्षर माणसाला अचूक कळलेलें होतें.

असें असूनहि सावकार टिकला, आणि तो कां टिकला हें पाहिल्यावांचून बँकेची कहाणी समजत नाहीं. शेतकऱ्याच्या घरीं पैसा वर्षांतून एकदोनदां येतो. खर्च मात्र बारमाही असतो. मृग नक्षत्रावर बीं पाहिजे, श्रावणांत निंदणीची मजुरी पाहिजे, सुगीनंतर सरकारचा सारा रोख भरला पाहिजे, आणि मार्गशीर्षापासून लग्नसराई उभी. साऱ्याच्या हप्त्यासाठीं माल घाईनें बाजारांत न्यावा, तर त्याच वेळीं सर्वांचा माल आल्यामुळें भाव पडलेला. शिवाय आजार, मृत्यु आणि बाळंतपण हीं पंचांग पाहून येत नाहींत. मध्यरात्रीं बैलगाडी जुंपून आजाऱ्याला जालन्यास न्यावयाचें झालें, तर सावकाराचें दार ठोठावतां येई. तो अर्ज मागत नसे, दोन जामीन आणावयास सांगत नसे, आणि पैसे कशाला पाहिजेत हें विचारलें तरी लग्नासाठीं म्हटल्यावर तोंड फिरवीत नसे. या सोयीची किंमत तो जबर घेई; परंतु ती सोय दुसरीकडे कोठेंच मिळत नसे.

या व्यवहारांत घरांतील स्त्रीचा भाग मोठा करुण असे. गळ्यांतील पुतळ्यांची माळ किंवा हातांतील पाटल्या हें तिचें स्त्रीधन. आणि तेंच घरचें शेवटचें तारण. पाऊस लांबला कीं दागिना पेटींतून निघून सावकाराच्या तिजोरींत जाई, चांगलें पीक आलें तर परत येई, न आलें तर येत नसे. खत तिच्या नांवाचें नसे, त्यावर अंगठाहि तिचा नसे. फक्त वस्तु तिची असे. संसाराची पत तिच्या अंगावर, आणि व्यवहारांत तिला नांव नाहीं, अशी ही रचना होती.

या रचनेबाहेरचें पहिलें दार उघडलें तें पोस्टानें. १८८२ पासून हिंदुस्थानभर पोस्टांतून बचत बँका सुरू झाल्या. आण्यांमध्यें मोजावी अशी लहान ठेवहि तेथें चाले, पाठीशीं सरकारची हमी असे, आणि शाळामास्तर, कारकून, शिपाई, पेन्शनर यांसारख्या महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्यांना ती सोय फार आवडली. शहरांतील मध्यमवर्गीय कुटुंबांचें बँकेशीं पहिलें नातें पुष्कळ ठिकाणीं या पोस्टाच्या पुस्तकानेंच जडलें. परंतु पोस्ट पैसे ठेवून घेई, उसने देत नसे. ज्याच्याजवळ महिनाअखेर दोन रुपये उरत त्याला पोस्टाचा उपयोग. ज्याला जूनमध्यें वीस रुपये कमी पडत, त्याला तें दार बंदच. बचत आणि कर्ज हीं घराच्या गरजेचीं दोन अंगें आहेत, आणि येथून पुढें सर्व काळ हीं दोन दारें वेगवेगळ्या वेळीं व वेगवेगळ्या लोकांना उघडत गेलीं.

कर्जाचें दार सहकारानें उघडावयाचें होतें. कायदा होण्यापूर्वींच, १८८९ मध्यें, विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनीं बडोद्यास अन्योन्य सहकारी मंडळी स्थापन करून मध्यमवर्गीयांनीं एकमेकांना आधार कसा द्यावा याचा धडा घालून दिला होता. १९०४ आणि १९१२ च्या कायद्यांनीं खेड्यापाड्यांत पतपेढ्या काढण्याची वाट मोकळी झाली, आणि मध्यप्रांत-वऱ्हाडांत त्या झपाट्यानें निघाल्या. कल्पना सुंदर होती: गांवानें गांवाला ओळखावें, एकानें दुसऱ्याला जामीन राहावें आणि व्याज माफक असावें. अडचण अशी झाली कीं, पेढीचें कर्ज जमिनीच्या मापानें मिळे. ज्याच्याजवळ जमीन त्याला पत; भूमिहीन मजूर, बलुतेदार आणि अस्पृश्य गणलेल्या वस्तींतील कुटुंब यांना सभासदत्व कागदोपत्रीं मोकळें असलें तरी तारण नव्हतें. चोखोबाची समाधि पंढरपूरच्या महाद्वाराशीं पायरीजवळ आहे. त्याच्या जन्मगांवच्या तालुक्यांतहि पुष्कळांना दीर्घकाळ पायरीजवळच थांबावें लागलें. पुढें १९२९ नंतरच्या जागतिक मंदींत कापसाचे भाव कोसळले, वसुली थकली, आणि वऱ्हाडांतील सहकारी संस्थांच्या गळ्यांत पैशांऐवजीं ऋणकोंच्या जमिनी येऊन पडल्या. प्रांताच्या सरकारला १९३३ मध्यें कर्ज-समेटाचा कायदा करावा लागला. ज्या संस्थेनें सावकाराची जागा घ्यावयाची, तीच ऋणकोच्या दारांत जप्तीची नोटीस घेऊन उभी राहिली, हें दृश्य लोक लवकर विसरले नाहींत.

स्वातंत्र्य मिळालें त्या वेळीं या सर्व प्रयत्नांची बेरीज किती होती? रिझर्व्ह बँकेनें १९५१-५२ मध्यें ग्रामीण पतपुरवठ्याची देशव्यापी पाहणी करविली. ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितींत धनंजयराव गाडगीळ हे एक सभासद होते. १९५४ मध्यें प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष डोळे उघडणारा होता. शेतकरी कुटुंबांनीं घेतलेल्या दर शंभर रुपयांच्या कर्जांत सहकारी संस्थांचा वांटा सुमारें तीन रुपये, सरकारचाहि जवळजवळ तितकाच, आणि व्यापारी बँकांचा एक रुपयाहून कमी. सावकारांचा मात्र सुमारें सत्तर रुपये. बँक ऑफ बाँबे निघाल्याला शंभरांहून अधिक वर्षें झालीं होतीं, सहकाराच्या कायद्याला पन्नास होत आलीं होतीं, आणि तरीहि घराला दार माहीत होतें तें एकच.

या आंकड्यांतून राज्यकर्त्यांनीं धडा घेतला. इंपीरियल बँकेची १९५५ च्या १ जुलै रोजीं स्टेट बँक झाली आणि पांच वर्षांत चारशें नव्या शाखा उघडण्याचें बंधन तिजवर आलें. परंतु दार जवळ येणें आणि त्यांतून निर्धास्तपणें आंत जाणें या भिन्न गोष्टी आहेत, याचा अनुभव वऱ्हाडाला लौकरच आला. १९६० मध्यें अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळांतील पलाई सेंट्रल बँक अशा दोन बँका बुडाल्या. पैसा मडक्यांतून काढून बँकेंत ठेवा, असा उपदेश ऐकून ज्यांनीं तसें केलें होतें, त्यांच्या मनाची स्थिति काय झाली असेल याची कल्पना करावी. या दोन अपघातांमुळें ठेवींच्या विम्याचा कायदा १९६१ मध्यें झाला आणि १९६२ च्या १ जानेवारीपासून तो अमलांत आला. आरंभीं प्रत्येक ठेवीदाराला पंधराशें रुपयांपर्यंतचें संरक्षण होतें; १९९३ मध्यें तें एक लाख झालें आणि २०२० च्या फेब्रुवारींत पांच लाख. आज शहरांतील गृहिणी निश्चिंतपणें मुदतठेवीची पावती कपाटांत ठेवते, त्या निश्चिंतपणाच्या पायांत एका वऱ्हाडी बँकेचें दिवाळें आहे, हें थोड्यांना ठाऊक असेल.

१९६९ च्या १९ जुलै रोजीं चौदा मोठ्या बँकांचें राष्ट्रीयीकरण झालें. पुण्यास १९३५ मध्यें स्थापन झालेली बँक ऑफ महाराष्ट्र त्यांत होती. त्या वेळीं देशांतील बँकांच्या एकंदर ८,२६२ शाखांपैकीं खेड्यांत अवघ्या १,८३३ होत्या. प्रत्येक जिल्ह्याची जबाबदारी एका बँकेनें घ्यावी हा अग्रणी बँकेचा विचार गाडगीळांच्याच अभ्यासगटाच्या शिफारशींतून पुढें आला. १९७५ च्या २ ऑक्टोबरला ग्रामीण बँका सुरू झाल्या. १९७७ पासून १९९० पर्यंत तर असा दंडक होता कीं, बँक असलेल्या ठिकाणीं एक नवी शाखा काढावयाची तर बँक नसलेल्या चार ठिकाणीं शाखा काढल्या पाहिजेत. अंतराचा प्रश्न पुष्कळ अंशीं सुटला तो याच काळांत. तालुक्याच्या गांवीं बँक, मोठ्या खेड्यांत बँक, एसटीच्या मोटारींतून एका दिवसांत जाऊन यावें इतकी बँक जवळ आली.

आणि मग मैलांचें अंतर कमी झाल्यावर दुसरीं अंतरें उघडीं पडलीं. पहिलें कागदाचें. सातबाराचा उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला, दोन जामीन, फोटो, सही. यांतील प्रत्येक कागद एकेका कचेरींतून आणावयाचा आणि प्रत्येक खेपेला एका दिवसाची मजुरी बुडवावयाची. व्याज कमी पडलें तरी या खेपांचा खर्च त्यांत मिळविल्यावर सावकाराचा दर तितकासा महाग वाटेना. दुसरें अंतर वेळेचें. पीककर्ज पेरणीपूर्वीं मिळालें तर तें कर्ज. जुलै उलटल्यावर मिळालें तर सावकाराचें देणें फेडण्याचें साधन. तिसरें थकबाकीचें. दोन वर्षें पाऊस हुकला कीं शेतकरी थकबाकीदार ठरे, थकबाकीदाराला नवें कर्ज नाहीं, आणि नव्या कर्जाशिवाय पेरणी नाहीं. सरकारी व सहकारी दारें अशा रीतीनें ज्या दिवशीं सर्वांत अधिक गरज त्याच दिवशीं बंद होत. २००६ च्या जुलैमध्यें केंद्र सरकारनें विदर्भांतील ज्या सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं ती वेळ आणली होती. बँकेचें दार आणि घर यांतील अंतर हा केवळ अर्थशास्त्राच्या पुस्तकांतला प्रश्न नाहीं, हें त्या काळांत महाराष्ट्राला फार महागांत कळलें.

विश्वासाचें अंतरहि पुनः पुनः वाढत राहिलें. लहान शेतकऱ्याचें पीककर्ज गांवच्या सेवा सहकारी संस्थेमार्फत जिल्हा मध्यवर्ती बँकेकडून येतें; ती बँकच अडखळली तर सबंध सांखळी थांबते. २०१४ च्या नोव्हेंबरमध्यें केंद्र सरकारनें परवाना नसलेल्या २३ जिल्हा बँकांना सावरण्याची योजना मंजूर केली. त्यांत महाराष्ट्रांतील तीन होत्या: नागपूर, वर्धा आणि बुलढाणा. पुढें २०२३ च्या जुलैमध्यें याच जिल्ह्यांतील मलकापूर अर्बन सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनें रद्द केला. ठेवीच्या विम्यानें बहुतेक लहान ठेवीदारांचें रक्षण होतें, हें खरें. परंतु दरम्यानच्या महिन्यांत लग्न, औषध आणि शाळेची फी थांबून राहत नाहीं. विश्वास मिळविण्यास एक पिढी लागते, आणि बंद दारावर लावलेली एक नोटीस तो घालविण्यास पुरते.

याच जिल्ह्यानें दुसऱ्या प्रकारचें उदाहरणहि घालून दिलें आहे. राधेश्याम चांडक यांनीं १९८६ मध्यें बुलढाणा येथें अर्बन सहकारी पतसंस्था काढली. तिनें पुढें गोदामें बांधून त्यांत ठेवलेल्या धान्यावर कर्ज देण्याचा मार्ग स्वीकारला. सुगीच्या पडत्या भावांत माल विकण्याची घाई हें शेतकरी घराचें जुनें दुखणें. माल गोदामांत, पावती हातीं आणि तिजवर घरखर्चाला रक्कम, असें झालें म्हणजे भाव चढेपर्यंत दम धरतां येतो. सावकाराला घराचें जें वेळापत्रक तोंडपाठ होतें, तेंच येथें संस्थेनें हिशेबांत धरलें. बँकेनें घराला आपल्या वेळेवर बोलावण्यापेक्षां घराच्या वेळेवर आपण जावें, ही त्यांतली शिकवण.

परंतु घराची म्हणजे कोणाची, हा प्रश्न अजून शिल्लक होता. सातबारा पुरुषाच्या नांवाचा, कर्ज पुरुषाच्या नांवाचें, खातें पुरुषाच्या नांवाचें. मुंबईच्या गिरणगांवांत कामगारांना जेवूं घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका वर्षानुवर्षें किराणा-दुकानदाराच्या व सावकाराच्या देण्यांत बुडालेल्या होत्या. प्रेमा पुरव यांनीं १९७५ मध्यें अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेकडून लहान कर्जें मिळवून दिलीं. सातारा जिल्ह्यांतील म्हसवडची हकीकत याहून बोलकी आहे. चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकारानें तेथील स्त्रियांनीं स्वतःची बँक काढण्याचा अर्ज केला, तेव्हां प्रवर्तक स्त्रिया निरक्षर असल्याच्या कारणावरून तो नाकारला गेला. त्या घरीं बसून राहिल्या नाहींत. त्यांनीं अक्षरें शिकावयास घेतलीं, आणि पुनः जाऊन सांगितलें कीं, लिहितां येत नसलें तरी व्याजाचा हिशेब तोंडीं विचारा. १९९७ मध्यें माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. अंगठा आणि अक्कल यांचा कांहीं संबंध नाहीं, हें सुप्याच्या दंग्यानंतर सव्वाशें वर्षांनीं असें शांतपणें सिद्ध झालें.

१९९२ मध्यें नाबार्डनें पांचशें गटांपासून बचत गट बँकांशीं जोडण्याचा उपक्रम हातीं घेतला, आणि पुढें तो गांवोगांव पसरला. भिशी ही मराठी बायकांना नवी नव्हतीच. तिला आतां बँकेची पाठ मिळाली. जमिनीचें तारण नाहीं, तर दहाबारा शेजारणींचा शब्द हेंच तारण. १९०४ च्या सहकारी कायद्यानें ज्या परस्परविश्वासाची अपेक्षा केली होती, तो येथें जमिनीच्या मापाशिवाय उभा राहिला.

यानंतर खात्यांचा प्रसार अपूर्व वेगानें झाला. २००५ मध्यें रिझर्व्ह बँकेनें नाममात्र शिलकीचीं साधीं खातीं उघडण्यास बँकांना सांगितलें, आणि २००६ पासून बँकेच्या वतीनें खेड्यांत व्यवहार करणारे प्रतिनिधि नेमण्याची मुभा दिली. २०१४ च्या २८ ऑगस्टला जनधन योजना सुरू झाली, तेव्हां एका दिवसांत सुमारें दीड कोटी खातीं उघडलीं. जागतिक बँकेच्या पाहणीप्रमाणें २०११ मध्यें भारतांतील शंभर प्रौढांपैकीं पस्तीस जणांचें खातें होतें. पुरुषांत चव्वेचाळीस, स्त्रियांत केवळ सव्वीस. २०१७ मध्यें तें प्रमाण ऐंशींवर आणि २०२४ मध्यें एकूणनव्वदांवर गेलें. शंभर वर्षांत जें झालें नाहीं तें दहा-पंधरा वर्षांत झालें. परंतु त्याच पाहणींत २०२१ सालीं असें आढळलें कीं, खातेदारांपैकीं सुमारें पस्तीस टक्के लोकांनीं वर्षभरांत खात्याला हातहि लावला नव्हता. पासबुक घरांत आलें, पण तें देव्हाऱ्यामागच्या त्याच कोनाड्यांत जाऊन बसलें.

तें तेथून बाहेर केव्हां येतें? ज्या दिवशीं खात्यांत स्वतःचें कांहीं येतें त्या दिवशीं. २०२४ मध्यें महाराष्ट्र सरकारनें पात्र स्त्रियांच्या खात्यांत दरमहा पंधराशें रुपये भरण्याची योजना काढली, तेव्हां बँकांपुढें स्त्रियांच्या रांगा लागल्या. कोणाचें खातें आधारशीं जोडलेलें नव्हतें, कोणाचें नांव एका कागदावर माहेरचें व दुसऱ्यावर सासरचें होतें. कागदाचें अंतर अजून पुरतें मिटलेलें नाहीं, हें त्या रांगांनीं दाखविलें. आणि स्वतःच्या नांवाच्या पैशासाठीं स्त्री तें अंतर ओलांडावयास किती तयार आहे, हेंहि दाखविलें.

दीडशें वर्षांच्या या प्रवासांत बँकेला घरापर्यंत पोंचण्यासाठीं पांच अंतरें तोडावीं लागलीं: रस्त्याचें, कागदाचें, हंगामाचें, विश्वासाचें आणि नांवाचें. रस्त्याचें अंतर कायद्यानें व पैशानें तोडतां आलें. बाकीचीं चार तितक्या सहज तुटत नाहींत, कारण तीं घराच्या आंतल्या जीवनाशीं बांधलेलीं आहेत. बचतीचें दार आतां बहुतेकांना उघडें आहे. कर्जाचें दार, आणि विशेषतः भूमिहीनाला व स्त्रीला वेळेवर मिळणाऱ्या कर्जाचें दार, अर्धेंच उघडलेलें आहे. त्या अर्ध्या फटींतून आजहि सावकार आंत येतो.

देऊळगांवला आश्विनांत बालाजीची यात्रा आजहि भरते आणि शेतांत कापूस त्याच सुमारास फुटतो. हाली आणि कलदार गेले, बट्टा घेणारा सराफ गेला. कोणत्याहि गांवची बँक खरोखर घरांत आली कीं नाहीं, हें पाहण्याची कसोटी मात्र जुनीच आहे. पाऊस लांबलेल्या वर्षीं, घरांत कोणी आजारी असतां, त्या घरची बाई प्रथम कोणाकडे जाते, आणि तिच्या गळ्यांतील माळ गळ्यांतच राहते कीं नाहीं, एवढेंच पाहावें.